पोटातली दुर्बीण: कोणाला, केव्हा आणि किती लांब

मुंबईहून गोव्याकडे जाताना महामार्गावर हातखंब्याचा तिठा लागतो. उजवीकडे वळले की बारा-तेरा किलोमीटरवर रत्नागिरी. तसेच पुढे पालीला गेले की तिथून एक रस्ता नाणीज, साखरपा, आंबा घाट करत कोल्हापूर गाठतो, तो सव्वाशे किलोमीटरच्या आत. मागे फिरले तर मुंबई सव्वातीनशेच्या घरात. ‘दुर्बीण घालून बघावे लागेल’ असे डॉक्टरांनी सांगितले की पंचक्रोशीतल्या माणसापुढे हेच तीन रस्ते असतात. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, पण एन्डोस्कोपी काही प्राथमिक केंद्रात होणारी तपासणी नव्हे.

अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंतच्या विकारांसाठी वापरल्या जाणाऱ्या या दुर्बिणींनी गेल्या सत्तर वर्षांत पोटाचे वैद्यक मुळापासून बदलले, याबद्दल कोणाचेही दुमत नाही. वाद आहेत ते पुढचे. साध्या अॅसिडिटीला दुर्बीण हवी का? रक्ताची उलटी झालेल्या रुग्णाची किती तासांत व्हायला हवी? काहीही त्रास नसलेल्या माणसाच्या मोठ्या आतड्यात डोकावावे का? एका रुग्णातून काढलेली नळी दुसऱ्यासाठी पुरेशी स्वच्छ होते का? या वादांतली बहुतेक उत्तरे मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांत तयार झाली आहेत. तिठ्यावरून पाहिले की त्यांत अंतराचा हिशेबही धरावा लागतो.

तलवार गिळणाऱ्यापासून काचतंतूपर्यंत

शरीराच्या आत उजेड नेऊन पाहण्याचा पहिला गंभीर प्रयत्न जर्मनीतल्या फिलिप बोझिनी या डॉक्टरचा. १८०६ च्या सुमारास त्याने मेणबत्ती आणि आरशाचे एक उपकरण बनवले. जठरापर्यंत मात्र कोणी पोहोचले नव्हते. १८६८ मध्ये फ्रायबुर्गच्या अॅडॉल्फ कुसमाऊल यांनी त्यासाठी तलवार गिळण्याचे खेळ करणाऱ्या माणसाची मदत घेतली आणि त्याच्या घशातून सरळ, ताठ नळी जठरात उतरवली. नळी गेली, पण उजेड पुरला नाही. १९३२ मध्ये रुडॉल्फ शिंडलर यांनी थोडी वाकणारी दुर्बीण आणली. तीही रुग्णासाठी सुखाची नव्हती आणि जठराचे काही कोपरे तिला दिसतच नसत.

खरा पालट झाला तो काचेच्या तंतूंमुळे, आणि त्यात एका भारतीयाचा वाटा आहे. पंजाबातल्या मोग्यात जन्मलेले नरिंदरसिंग कपानी लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर काम करत होते. वाकवलेल्या काचतंतूंच्या जुडीतून चित्र पलीकडे नेता येते हे त्या दोघांनी १९५४ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात दाखवून दिले. तो लेख मिशिगन विद्यापीठातल्या बॅसिल हिर्शोविट्झ यांनी वाचला. त्यांच्या चमूतल्या लॅरी कर्टिस या विद्यार्थ्याने प्रत्येक तंतूवर वेगळ्या काचेचे आवरण चढवले, त्यामुळे उजेड एका तंतूतून दुसऱ्यात गळायचा थांबला. १९५७ मध्ये तयार झालेली पहिली लवचीक दुर्बीण हिर्शोविट्झ यांनी आधी स्वतः गिळली, मग रुग्णाला घातली. कपानींना २०२१ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

त्यानंतरचा वेग थक्क करणारा आहे. १९६८ मध्ये पित्तनलिकेच्या तोंडातून औषध सोडून एक्स-रे काढण्याचे तंत्र आले, त्यालाच ईआरसीपी म्हणतात. १९६९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या यांनी तारेचा फास टाकून मोठ्या आतड्यातला पॉलिप (आतल्या आवरणावर वाढलेला उंचवटा) पोट न फाडता काढला. १९७४ मध्ये जपान आणि जर्मनीत पित्तनलिकेचे तोंड कापून खडे काढले गेले. १९८३ मध्ये दुर्बिणीच्या टोकालाच कॅमेऱ्याची चिप बसली. डॉक्टरच्या एका डोळ्यापुरते असलेले चित्र आता पडद्यावर सगळ्यांना दिसू लागले, आणि परिचारिका, शिकाऊ डॉक्टर, प्रसंगी नातेवाईकही त्या पाहण्यात सामील झाले. २००१ मध्ये गिळण्याच्या कॅप्सूलमधला कॅमेरा अमेरिकेत मान्य झाला. २००८ मध्ये जपानच्या हारुहिरो इनोउए यांनी अन्ननलिकेच्या आवरणाखालून बोगदा काढून आतला आखडलेला स्नायू कापला. अॅकलेशिया या गिळण्याच्या विकारावर ही ‘पोएम’ शस्त्रक्रिया आज भारतातही होते.

भारत या प्रवासात नुसता प्रेक्षक नव्हता. इंडियन सोसायटी ऑफ गॅस्ट्रोएन्टरॉलॉजी १९६० ची. हैदराबादचे डॉ. डी. नागेश्वर रेड्डी आणि डॉ. जी. व्ही. राव यांनी तोंडावाटे दुर्बीण घालून, जठराच्या भिंतीतून पलीकडे जाऊन अपेंडिक्स काढल्याची चर्चा जगभर झाली. मुंबईत डॉ. अमित मायदेव यांनी ईआरसीपीचे मोठे प्रशिक्षण केंद्र उभे केले.

हातातली नळी

जठरासाठीची नेहमीची दुर्बीण सुमारे एक मीटर लांब आणि करंगळीपेक्षा बारीक, साधारण नऊ-दहा मिलिमीटर जाडीची असते. मोठ्या आतड्यासाठीची थोडी जाड आणि दीड मीटरच्या आसपास. डॉक्टरच्या डाव्या हातात मूठ असते. तिच्यावर दोन चाके, एक टोक वर-खाली वळवणारे, दुसरे डावी-उजवीकडे. जठरात शिरल्यावर टोक इतके वळते की दुर्बीण मागे वळून स्वतःचीच नळी ज्या दारातून आली ते दार पाहते. बोटांखाली दोन बटणे असतात. एकाने हवा किंवा पाणी सोडायचे, दुसऱ्याने ओढून घ्यायचे. आणि नळीच्या पोटातून जाणारी एक बारीक वाट, जेमतेम तीन मिलिमीटरची. चिमटा, फास, सुई, फुगा, क्लिप, जे काही आत न्यायचे ते या वाटेने.

बघण्याचे यंत्र उपचाराचे यंत्र झाले ते या तीन मिलिमीटरच्या वाटेमुळे. पुढे स्वच्छतेचा जो प्रश्न येतो त्याचे मूळही तिथेच आहे.

निदान आणि उपचार यांच्यातली सीमा काळाप्रमाणे सरकतेही. ईआरसीपी एके काळी निव्वळ निदानासाठी सर्रास होई. पण तिच्यामुळे शंभरातल्या तीन ते दहा रुग्णांच्या स्वादुपिंडाला सूज येते, आणि ती कधी कधी जिवावर बेतते. एमआरसीपी हे चुंबकीय चित्रण आणि दुर्बिणीच्या टोकावर बसवलेली सोनोग्राफी आल्यावर फक्त बघण्यासाठी ईआरसीपी करणे जवळपास थांबले. आता ती खडा काढायला, पित्त वाहते करायला, स्टेंट बसवायला. सूज टाळण्यासाठी गुदद्वारातून देण्याचे इंडोमेथॅसिन किंवा डायक्लोफेनॅक हे स्वस्त औषध उपयोगी पडते, हेही २०१२ च्या अमेरिकी चाचणीनंतर स्थिरावले. या क्षेत्रात पूर्ण मिटलेला वाद शोधायचा तर हा एक.

आधी गोळी की आधी दुर्बीण

बाह्यरुग्ण विभागात सर्वांत मोठी रांग असते ती ‘पित्ताची’. जळजळ, ढेकर, पोट फुगणे, जेवण न जाणे. इथे दोन भूमिका आहेत.

पहिली भूमिका अशी की साठीच्या आतल्या रुग्णाला आधी हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूची चाचणी करावी, सापडल्यास प्रतिजैविके द्यावीत, नाही तर आम्लरोधक गोळ्या काही आठवडे द्याव्यात. दुर्बीण नंतर, गरज पडली तर. अमेरिका आणि कॅनडाच्या तज्ज्ञ संघटनांनी २०१७ मध्ये हेच सुचवले. यामागे मोठा इतिहास आहे. ऑस्ट्रेलियाच्या रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ मध्ये शंभर रुग्णांच्या जठरातून दुर्बिणीने तुकडे घेऊन हा जिवाणू आणि व्रण यांचे नाते उलगडले. त्यांना २००५ मध्ये नोबेल मिळाले. अल्सर हा तिखटाचा आणि काळजीचा आजार नसून बहुतांशी संसर्ग आहे हे दुर्बिणीने दाखवले, आणि त्यामुळेच कितीतरी रुग्णांना दुर्बिणीची गरज उरली नाही.

दुसरी भूमिका आशियाई डॉक्टरांत बळकट आहे. भारतात या जिवाणूचा प्रादुर्भाव निम्म्याहून अधिक प्रौढांत आढळतो. मग चाचणी होकारार्थी येण्याला फारसा अर्थ राहत नाही, आणि प्रत्येकाला प्रतिजैविके दिली तर औषधांना दाद न देणारे जंतू वाढतात. शिवाय जठराचा कर्करोग इथे पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी वयात दिसतो असा अनेकांचा अनुभव आहे, म्हणून साठीची रेघ चाळिशी-पंचेचाळिशीपर्यंत खाली आणावी, असे हे डॉक्टर म्हणतात. जपानने २०१६ पासून पन्नाशीपुढच्यांसाठी दर दोन वर्षांनी जठराची दुर्बीण राष्ट्रीय कार्यक्रमात घेतली. पण जपानात हा कर्करोग भारतापेक्षा कितीतरी जास्त आहे. कोकणाला तो नियम जसाच्या तसा लावता येत नाही.

दोन्ही बाजू एका गोष्टीवर सहमत आहेत: धोक्याची लक्षणे असतील तर थांबू नये. घास अडकणे, विनाकारण वजन उतरणे, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी, रक्त कमी होत जाणे, वारंवार उलट्या. (लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, हे गरोदर बाईला आणि तिच्या घरच्यांना वेळीच सांगितले तर एक मोठी धास्ती टळते.) मात्र ही लक्षणे कर्करोग ओळखायला फारशी अचूक नाहीत हेही अभ्यासांनी दाखवले आहे. लक्षण असलेल्या बहुतेकांना कर्करोग नसतो. उलट, असलेल्या काहींना सुरुवातीला लक्षणच नसते.

शहरात एकाच माणसाच्या चार वर्षांत तीन ‘नॉर्मल’ एन्डोस्कोप्या होतात, आणि खेड्यात अन्ननलिकेचा कर्करोग पाणीही उतरेनासे झाल्यावर कळतो. या दोन गोष्टी एकाच जिल्ह्यात घडू शकतात. म्हणून दुर्बीण जास्त होते की कमी, असा सरसकट प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. ती भलत्याच माणसाची होते का, हे तपासायला हवे. घशात बधिर करणारा फवारा मारून दहा मिनिटांत होणारी ही तपासणी बहुधा सुरक्षित आहे. पण हातखंब्याच्या पुढच्या वाडीतल्या मजुराला तिच्यासाठी उपाशीपोटी निघावे लागते, एक रोज बुडतो आणि सोबत येणाऱ्याचाही बुडतो. पाश्चात्त्य मार्गदर्शक सूचनांच्या हिशेबात हा खर्च कुठेच धरलेला नाही.

क्षय की क्रोन

एक वाद मात्र खास आपला आहे. लहान आणि मोठे आतडे जिथे मिळतात तिथे व्रण, ताप, वजनात घट, पोटात मुरडा. हे आतड्याच्या क्षयातही होते आणि क्रोनच्या आजारातही, म्हणजे आतड्याच्या दीर्घकाळ चालणाऱ्या दाहातही. कोलोनोस्कोपीत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीत, दोन्हींचे चित्र बरेचसे सारखे. आडवे व्रण आणि उघडी पडलेली झडप क्षयाकडे बोट दाखवतात, उभे लांबट व्रण आणि मधे मधे निरोगी पट्टे क्रोनकडे. तुकडा तपासला तर क्षयाची खात्रीची खूण थोड्याच रुग्णांत मिळते, आणि जीन एक्सपर्टसारखी क्षयजंतूंची जनुकीय चाचणीही इथे अनेकदा नकारार्थी येते.

चूक दोन्हीकडे महागात पडते. क्षयाच्या रुग्णाला क्रोनची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दिली तर क्षय अंगभर पसरू शकतो. क्रोनच्या रुग्णाला क्षयाची औषधे देत राहिले तर महिने वाया जातात, आतडे आकसते, कधी ऑपरेशन ओढवते. म्हणून भारतात एक वाट रूढ झाली: संशय असेल तर क्षयाची औषधे सुरू करायची आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा कोलोनोस्कोपी करून व्रण भरले का ते पाहायचे. दिल्लीच्या एम्समधल्या डॉ. गोविंद मखारिया, डॉ. विनीत आहुजा यांच्या गटाने या प्रश्नावर बरेच काम केले आहे. सहा महिन्यांचे औषध पोटाच्या क्षयाला पुरते, नऊ महिन्यांची गरज नाही, हे त्यांच्या २०१५ च्या चाचणीने दाखवले. बरे वाटणे आणि व्रण भरणे यांत फरक आहे, म्हणून दुसरी दुर्बीण आवश्यक, असे एक मत. दुसरे मत असे की आतड्याचा दाह दाखवणाऱ्या विष्ठेतल्या कॅलप्रोटेक्टिनसारख्या चाचण्यांवर आणि वजनावर काही रुग्णांचा निर्णय घेता यावा. ज्याला पहिल्या तपासणीसाठीच कोल्हापूर गाठावे लागले, त्याच्या दृष्टीने हे दुसरे मत लवकर सिद्ध होणे फार गरजेचे आहे.

रक्ताची उलटी आणि घड्याळ

रात्री अचानक रक्ताची उलटी झाली की घर हादरते. बहुधा जठराचा व्रण किंवा यकृत आक्रसल्यामुळे अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा, या दोहोंपैकी एक कारण असते. दुर्बीण इथे जीव वाचवते. शिरांसाठीचा उपचार जवळून पाहण्यासारखा आहे. दुर्बिणीच्या टोकावर पारदर्शक टोपी असते आणि तिच्यावर सहा-सात रबरी रिंगा ताणून बसवलेल्या असतात. फुगलेली शीर टोपीत ओढून घेतली की पडद्यावर सगळे लाल होते. त्याच क्षणी मुठीजवळची चकती फिरवायची, दोरा ओढला जातो आणि एक रिंग सटकून शिरेच्या मुळाशी घट्ट बसते. काही दिवसांत ती गाठ वाळून पडते. दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने शिरा संपेपर्यंत हेच पुन्हा करावे लागते.

हे किती लवकर व्हावे? जितके लवकर तितके चांगले, असा पूर्वीचा समज होता. हाँगकाँगच्या जेम्स लाऊ आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत गंभीर रक्तस्रावाचे रुग्ण दोन गटांत विभागले. एका गटाची दुर्बीण पोटविकारतज्ज्ञाला बोलावल्यापासून सहा तासांच्या आत झाली, दुसऱ्याची सहा ते चोवीस तासांत. तीस दिवसांतले मृत्यू पहिल्या गटात ८.९ टक्के, दुसऱ्यात ६.६ टक्के. घाईने फायदा झाला नाही. म्हणून व्रणाच्या रक्तस्रावात चोवीस तासांच्या आत, आणि शिरांचा संशय असेल तर बारा तासांच्या आत, असे आजचे मत आहे. त्याआधी रक्तदाब सावरणे, गरजेपुरतेच रक्त देणे, शिरांसाठी टर्लिप्रेसिन किंवा ऑक्ट्रिओटाइड आणि प्रतिजैविक सुरू करणे हे महत्त्वाचे. स्पेनमधल्या २०१३ च्या चाचणीने हिमोग्लोबिन सातच्या खाली गेल्यावरच रक्त देणाऱ्या गटात जास्त रुग्ण वाचल्याचे दाखवले.

कोकणासाठी ही चांगली बातमी आहे, आणि तिची दखल पुरेशी घेतली गेलेली नाही. दुर्बीण जवळ नसली तरी सलाईन, ती दोन इंजेक्शने आणि रक्तपेढी जवळ असेल तर रुग्ण टिकवून धरता येतो. मग रत्नागिरी, डेरवणचे रुग्णालय किंवा कोल्हापूर गाठायला वेळ मिळतो. राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. अडचण अशी की पावसाळ्यात आंबा घाटात दरड आली की चोवीस तासांचे गणित एका तासात विस्कटते.

चोवीस तासांची मुभा सगळ्यांना नाही. लहान मुलाने चपटी बटण बॅटरी गिळली आणि ती अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत काढायला हवी, कारण ती आतले आवरण जाळते. टोकदार माशाच्या काट्याचेही तसेच. सुरमईचा जाड काटा घशाखाली रुतला की भाताचा गोळा गिळायची घरगुती रीत सुटत नाही. डॉक्टर तिच्या विरोधात आहेत, कारण काटा आणखी खोल जाऊ शकतो. अनेक काटे साध्या एक्स-रेत दिसतही नाहीत.

दुर्बीण टाळता येणारेही रुग्ण आहेत. यकृताच्या रुग्णांत आधीच शिरा शोधायला सर्वांची दुर्बीण करावी का, या प्रश्नावर २०२१ च्या बाव्हेनो परिषदेने दिलासा दिला: प्लेटलेट दीड लाखाच्या वर आणि यकृताचा ताठरपणा मोजणाऱ्या फायब्रोस्कॅनचा आकडा वीसच्या खाली असेल तर ती करू नये. आणि कार्व्हेडिलॉलसारखी गोळी योग्य रुग्णांत रक्तस्राव होण्याआधीच धोका कमी करते.

निरोगी माणसाच्या आतड्यात

जगभर सर्वांत तापलेला वाद मोठ्या आतड्याच्या तपासणीचा आहे. त्यामागचा तर्क साधा. कर्करोग बहुधा पॉलिपपासून दहा-एक वर्षांत होतो. पॉलिप वेळीच काढला तर पुढचे टळते. अमेरिकेत २०२१ पासून वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी तपासणी सुरू करण्याची शिफारस आहे.

मग २०२२ मध्ये पोलंड, नॉर्वे आणि स्वीडनमधल्या सुमारे ८५ हजार लोकांवरच्या ‘नॉर्डिक’ चाचणीचे निकाल आले. कोलोनोस्कोपीसाठी बोलावलेल्या गटात दहा वर्षांत कर्करोगाचे प्रमाण ०.९८ टक्के, न बोलावलेल्यांत १.२० टक्के. घट १८ टक्क्यांची. मृत्यूंतला फरक मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. टीकाकार म्हणाले, एवढ्यासाठी एवढा खटाटोप? समर्थकांनी दाखवले की बोलावलेल्यांतले फक्त ४२ टक्के लोक आले होते; सगळे आले असते तर घट ३१ टक्क्यांपर्यंत गेली असती असा अंदाज त्याच लेखात आहे. २०२५ मध्ये स्पेनच्या मोठ्या चाचणीने विष्ठेतले रक्त शोधणारी घरगुती ‘फिट’ चाचणी दर दोन वर्षांनी केली तर मृत्यू टाळण्यात ती एका कोलोनोस्कोपीपेक्षा कमी पडत नाही असे दाखवले. लोकही तिला जास्त तयार झाले.

भारतात काय करावे? देशात दरवर्षी या कर्करोगाचे सुमारे ७० हजार नवे रुग्ण असल्याचा जागतिक अंदाज आहे. अमेरिकेत लोकसंख्या आपल्या चौथ्या हिश्श्याहून कमी असून तिथे दीड लाखांवर. एवढ्या कमी प्रमाणावर सर्वांची दुर्बीण करणे न परवडणारे, हे मत सार्वजनिक आरोग्यवाल्यांत प्रबळ आहे. सरकारच्या असंसर्गजन्य रोग कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीनच कर्करोग तपासले जातात. रत्नागिरी-सिंधुदुर्गात टाटा स्मारक केंद्राने गावोगाव जाऊन जी तपासणी केली, तीही याच तिन्हींची. दुसरे मत असे की आकडा कमी असला तरी आपले रुग्ण तरुण आहेत आणि उशिरा येतात. ‘मूळव्याध असेल’ म्हणून महिनोन् महिने मलम लावत बसलेल्या माणसाला गुदाशयाचा कर्करोग निघतो, हे शल्यचिकित्सकांच्या रोजच्या पाहण्यातले आहे. म्हणून निदान घरात कोणाला हा आजार झालेला असेल त्यांची तरी तपासणी पद्धतशीर व्हावी, असे ते म्हणतात. या दोन मतांत वाटते तेवढे अंतर नाही. शौचातून रक्त गेल्यास बोटाने तपासणी आणि गरजेप्रमाणे दुर्बीण, याला कोणत्याही चाळणी कार्यक्रमाची वाट पाहावी लागत नाही. ‘फिट’ इथे किती खोटे इशारे देईल, हा मात्र खरा प्रश्न आहे, कारण आपल्याकडे आकडेकृमी आणि मूळव्याध दोन्ही सर्रास.

तयारीचाही एक भाग आहे, त्याबद्दल मार्गदर्शक सूचनांत ओळभर असते. आतडे साफ नसेल तर दुर्बिणीला काही दिसत नाही. त्यासाठी पावडर दोन लिटर किंवा जास्त पाण्यात कालवून प्यायची, अर्धी आदल्या रात्री आणि अर्धी तपासणीच्या चार-सहा तास आधी. दोन हप्त्यांत प्यायलेली चांगली, हे सिद्ध आहे. आता नऊची वेळ कोल्हापूरला दिली असेल तर हातखंब्याच्या माणसाने दुसरा हप्ता पहाटे घेऊन एसटीत बसायचे, ज्या गाडीत शौचालय नाही आणि पुढे घाट. बरेच जण मग तो हप्ता टाळतात, आणि तपासणी अर्धवट होते. उपाय अवघड नाही. लांबच्या रुग्णांना दुपारची वेळ देणे, किंवा रुग्णालयाजवळ रात्रीची स्वस्त सोय करणे. यावर कोणतीही आंतरराष्ट्रीय चाचणी होणार नाही.

नळी धुण्याचा प्रश्न

दुर्बीण उकळता येत नाही, ती खराब होईल. म्हणून रुग्णातून बाहेर आल्या आल्या ती पुसायची, पाण्यात बुडवून गळती बघायची, बारीक वाटेतून ब्रश फिरवायचा, एन्झाइमच्या द्रावात धुवायची, मग ग्लुटराल्डिहाइड किंवा ओपीएसारख्या जंतुनाशकात ठरलेली मिनिटे ठेवायची, खळबळायची, अल्कोहोल सोडायचे, हवेने वाळवायची आणि उभी टांगायची. यातली एक पायरी गाळली तरी बाहेरून काही कळत नाही.

२०१५ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये ईआरसीपीच्या दुर्बिणींतून प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू रुग्णांत पसरल्याचे उघड झाले, आणि सांगितल्याप्रमाणे धुऊनही टोकाच्या हलत्या खिट्टीमागे जंतू राहतात हे लक्षात आले. उत्पादकांनी टोकाला काढता येणाऱ्या टोप्या आणल्या, २०१९ मध्ये एकदाच वापरून फेकण्याच्या दुर्बिणीला अमेरिकेत परवानगी मिळाली. एक बाजू म्हणते, संसर्गाचा प्रश्नच संपला. दुसरी विचारते की खर्च कोण देणार आणि कचरा कुठे टाकणार. भारतापुरता कल सध्या दुसऱ्या बाजूकडे आहे. पण मग धुण्याची शिस्त तितकीच कडक लागते. कोकणच्या दमट हवेत तर वाळवणे ही सर्वांत नाजूक पायरी, कारण ओल्या वाटेत जंतू रातोरात वाढतात. ज्या केंद्रात दोनच दुर्बिणी आणि सकाळी पंधरा रुग्ण, तिथे धुण्याला वेळ कुठून येतो, हे विचारण्याचा रुग्णाला हक्क आहे.

कोणाचा हात, कोणाचा डोळा

पोटविकारतज्ज्ञ मोठ्या शहरांत एकवटले आहेत. जिल्ह्याच्या गावात दुर्बीण बहुधा जनरल सर्जन किंवा फिजिशियन करतो. तज्ज्ञांचा आक्षेप असा की वरवर सोपी वाटणारी ही तपासणी शिकायला शेकडो रुग्ण लागतात, आणि घाईत केलेली दुर्बीण कर्करोग हुकवते. सर्जनांचे उत्तर असे की रात्री दोन वाजता रक्तस्राव थांबवायला गावात तेच असतात, आणि त्यांच्या संघटना प्रशिक्षण देतात. ब्रिटनमध्ये तर प्रशिक्षित परिचारिकाही एन्डोस्कोपी करतात.

पदवीपेक्षा कामाचा दर्जा मोजावा, हा यातला मधला मार्ग. कोलोनोस्कोपी करणाऱ्याला शंभरातल्या किती जणांत पॉलिप सापडतो, याचा आकडा अमेरिकेत पाहिला जातो. २०१४ च्या मोठ्या अभ्यासात तो एका टक्क्याने वाढला की पुढे होणारा कर्करोग तीन टक्क्यांनी घटत गेला. आपल्याकडे पॉलिपच मुळात कमी, त्यामुळे तिकडचे लक्ष्य इथे चालत नाही, आणि इथले लक्ष्य अजून सर्वमान्य झालेले नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेने हा प्रश्न सुटेल असे काहींना वाटते. पडद्यावर पॉलिपभोवती चौकट उमटवणारी संगणकप्रणाली सापडण्याचे प्रमाण वाढवते, हे अनेक चाचण्यांत दिसले आहे. पण २०२५ मध्ये पोलंडमधून आलेल्या निरीक्षणाने तज्ज्ञ सावध झाले. ही प्रणाली नेहमी वापरू लागल्यावर, तिच्याविना केलेल्या तपासण्यांत त्याच डॉक्टरांना पॉलिप सापडण्याचे प्रमाण २८.४ टक्क्यांवरून २२.४ वर आले. निरीक्षण चार केंद्रांपुरतेच आहे, त्यावरून निर्णय देता येणार नाही. तरी वीज आणि इंटरनेट ज्या गावात बेभरवशाचे, तिथे डॉक्टरचा स्वतःचा डोळा मंदावणे जास्त धोक्याचे.

अजून न सुटलेले

खर्चाचा प्रश्न सरकारी योजनांनी अर्धाच सोडवला. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण २०२३ मध्ये पाच लाखांपर्यंत आणि राज्यातल्या सर्वांपर्यंत नेण्याचा निर्णय झाला. पण योजनेचा गाभा दाखल रुग्णाचा आहे. दाखल न होता करायची निदानाची दुर्बीण बहुतेक वेळा रुग्णाच्या खिशातूनच होते. रक्तस्राव झाल्यावर खर्च मिळतो, होण्याआधी शोधायचा तर पदरमोड. ही रचना बदलावी का, आणि बदलल्यास अनावश्यक दुर्बिणी कशा रोखाव्यात, यावर अभ्यासकांत एकमत नाही.

‘नॉर्डिक’ चाचणीतल्या लोकांचा मागोवा पुढेही घेतला जात आहे. मृत्यूंतला फरक पंधराव्या वर्षापर्यंत स्पष्ट होतो का, याकडे लक्ष आहे. रक्ताच्या चाचणीने आतड्याचा कर्करोग ओळखण्याची पद्धत अमेरिकेत २०२४ मध्ये मान्य झाली, पण कर्करोग होण्याआधीचे पॉलिप ती फारसे पकडत नाही. कॅप्सूल लहान आतड्यासाठी उत्तम, मात्र तिला तुकडा घेता येत नाही आणि आकसलेल्या आतड्यात ती अडकते. क्षयाच्या देशात ही भीती खरी.

कोकणापुरते पाहिले तर सर्वांत आधी काय हवे, याबद्दल निष्कर्ष काढण्याइतकी माहितीच गोळा होत नाही. रत्नागिरीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. वर्षात किती जणांना रक्ताची उलटी झाली, त्यांतले किती चोवीस तासांत दुर्बिणीपर्यंत पोहोचले, किती जण घाटापलीकडे पाठवले गेले, आणि किती कोलोनोस्कोप्या पोट साफ नसल्यामुळे परत कराव्या लागल्या: ही चार खाती जिल्ह्याच्या पातळीवर ठेवायला नवे यंत्र लागत नाही, एक वही आणि ती भरणारा माणूस लागतो.